हॉर्नमधला गंधार

१. सूर कुठून आणणार?

रस्त्यावरचे आवाज रेकॉर्ड करून त्यांचं संगीत रचतात असं कळलं की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : पण त्यात सूर कुठून आणणार? प्रश्न रास्त आहे. आपल्या कानाला रस्ता म्हणजे एकसंध कलकलाट वाटतो, आणि संगीत म्हणजे निवडलेले, लावून घेतलेले स्वर. म्हणून उत्तराची सुरुवात रस्त्यावरच्या सगळ्यात बदनाम आवाजापासून करू. मोटारीच्या हॉर्नमध्ये एक पातळ पोलादी पडदा असतो आणि विद्युतचुंबक तो सेकंदाला काहीशे वेळा आतबाहेर खेचतो. अनेक गाड्यांना हॉर्नची जोडी असते, एक खालच्या पट्टीचा, एक वरच्या. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एका जोडीवर ४०० आणि ५०० हर्ट्झ असे आकडे असतात. म्हणजे एक पडदा सेकंदाला ४०० वेळा थरथरतो, दुसरा ५०० वेळा. प्रमाण झालं चारास पाच. ज्याने तानपुरा मन लावून ऐकला आहे त्याला हे प्रमाण आकड्यांवाचून ठाऊक असतं. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून न छेडताच जो स्वयंभू गंधार उमटतो, त्याचं षड्जाशी नातं हेच आहे. सप्तकाचा फरक बाजूला ठेवला तर चारास पाच. खालच्या हॉर्नला सा माना, वरचा हॉर्न शुद्ध गंधार देतो.

ही गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर, हॉर्न दाबून समोरून गेली तर आणखी एक गोष्ट घडते. गाडी आपल्याकडे येत असताना आवाजाच्या लाटा दाटीने कानावर पडतात, स्वर चढतो. दूर जाताना त्या विरळ होतात, स्वर उतरतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर चढलेल्या आणि उतरलेल्या स्वराचं प्रमाण ३६० भागिले ३२०, म्हणजे आठास नऊ येतं. षड्ज आणि शुद्ध रिषभ यांच्यातलं अंतर तेवढंच आहे. गाडी समोरून निघून जाते त्या क्षणी हॉर्न रिषभावरून षड्जावर मींड घेत उतरतो. लयीचंही असंच. आपल्याकडच्या जुन्या लोहमार्गांवर रुळांचा एकेक तुकडा १३ मीटरचा असे. गाडीचा वेग ताशी ४७ किलोमीटरच्या आसपास असला की ती सेकंदाला १३ मीटर जाते, म्हणजे डब्यात बसलेल्याला दर सेकंदाला एक सांधा लागतो. मात्र डब्याच्या एकेका टोकाखाली चाकांच्या दोन जोड्या असतात, एकमेकींपासून सुमारे २.९ मीटरवर. म्हणून प्रत्येक सांध्यावर दोन ठोके पडतात, त्यांच्यात पाव सेकंदाहूनही कमी वेळ जातो, आणि मग उरलेला सेकंद मोकळा राहतो. खडक्-खडक्, विसावा, खडक्-खडक्, विसावा. सम आणि खाली कुणी ठरवून दिलेली नसली तरी आवर्तन ऐकू येतं.

तेव्हा सूर आणि लय बाहेरून आणावी लागत नाही. तरीही नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला आपण मैफलीत बसलो आहोत असं वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. खडकात मूर्ती असते असं म्हणणं सोपं. ती छिन्नीने बाहेर काढावी लागते. इथली छिन्नी कोणती आणि ती कधी थांबवायची, हा या प्रकरणाचा विषय आहे.

२. बंद पडलेली खाच

शहराच्या आवाजांचं संगीत करावं ही कल्पना ध्वनिमुद्रणातून निघाली नाही. लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने १९१३ साली ‘गोंगाटाची कला’ हा जाहीरनामा लिहिला. यंत्रयुगातल्या माणसाच्या कानाला आता कारखान्याचे आणि ट्रामचे आवाज हवेत, असं त्याचं म्हणणं होतं. पण ते आवाज त्याने रेकॉर्ड केले नाहीत. आत फिरती चक्रं आणि ताणलेल्या तारा असलेल्या, बाहेर कर्णा बसवलेल्या लाकडी पेट्या त्याने बनवल्या आणि हाताने दांडा फिरवून त्यांतून घरघर, गुरगुर, शीळ काढली. कारण साधं होतं. ग्रामोफोनची तबकडी ऐकता येत होती, कापता येत नव्हती. लाखेवर कोरलेली खाच मधूनच तोडून दुसरीला जोडणार कशी? ही अडचण पहिल्यांदा सुटली ती सिनेमामुळे. बोलपटाच्या फितीवर आवाज प्रकाशाच्या पट्टीने नोंदला जातो आणि फीत कात्रीने कापता येते. बर्लिनचा चित्रपटकार वाल्टर रुटमान याने १९३० साली या फितीवर शहराचा शनिवार-रविवार रचला : काम थांबतं, लोक गावाबाहेर जातात, सोमवारी यंत्रं पुन्हा सुरू होतात. सुमारे ११ मिनिटांचा हा चित्रपट, पण पडद्यावर एकही दृश्य नाही. तो रेडिओवरून ऐकवला गेला.

खरी उलथापालथ मात्र पुन्हा तबकडीवरच झाली. पियेर शेफेर हा फ्रेंच रेडिओतला अभियंता. १९४८ साली त्याने पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात वाफेच्या इंजिनांचे आवाज तबकड्यांवर घेतले. शिट्ट्या, वाफेचे फुत्कार, रुळांचे ठोके, डबे एकमेकांवर आदळल्याचे धक्के, एवढाच ऐवज. त्यातून त्याने सुमारे तीन मिनिटांची रचना केली आणि ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती ‘आवाजांची मैफल’ या कार्यक्रमात फ्रेंच रेडिओवरून प्रसारित झाली. तबकडीची अडचण त्याने कशी सोडवली, हे जवळून पाहण्यासारखं आहे. तबकडीवरची खाच गोगलगायीच्या शंखासारखी आत आत सरकत जाते. शेफेरने खाच अशी कोरली की एका फेऱ्यानंतर ती स्वतःलाच येऊन मिळेल. सुई मग पुढे सरकत नाही, त्याच वर्तुळात फिरत राहते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा एक फेरा ६० भागिले ७८, म्हणजे पाऊण सेकंदाच्या किंचित वर असतो. तेवढाच आवाज पुन्हा पुन्हा वाजतो. तबकडीवर ओरखडा पडला की गाणं एकाच शब्दावर अडकतं, हे ग्रामोफोन असलेल्या प्रत्येक घराने अनुभवलं आहे. शेफेरने तो बिघाड मुद्दाम घडवला, आणि आज संगणकावर ज्याला लूप म्हणतात तो जन्माला आला.

या फेऱ्यातून त्याच्या हाती लागलेली गोष्ट यंत्राच्या पलीकडची होती. इंजिनाची शिट्टी एकदा ऐकली तर मनात इंजिन येतं. तीच पंधरा वेळा ऐकली की इंजिन हळूहळू मावळतं आणि शिट्टीचा चढ, तिची किनार, शेवटचा कंप एवढंच उरतं. लहानपणी एखादा शब्द सारखा सारखा उच्चारत राहिलं की त्याचा अर्थ गळून पडतो आणि नुसता नाद राहतो, तसंच हे. आवाजाचं कारण विसरून आवाजच ऐकणं, ही शेफेरच्या पुढच्या सगळ्या विचाराची बैठक झाली. श्रेय एकट्या पॅरिसला देणं मात्र अन्यायाचं ठरेल. कैरोत हालिम एल-दाब या तरुणाने १९४४ साली, म्हणजे चार वर्षं आधी, तारेवर मुद्रण करणाऱ्या यंत्राने झार या बायकांच्या विधीतले आवाज घेऊन त्यांच्यावर असेच संस्कार केले होते. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव फार उशिरा आलं.

३. एका घंटीचे चार जन्म

आता छिन्न्या एकेक करून पाहू, आणि त्यासाठी एसटीतली घंटी घेऊ. कंडक्टर छताखालची दोरी ओढतो आणि ड्रायव्हरजवळ टण् वाजतं. एक घंटी म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. समजा, या टण्चा मुख्य स्वर २,००० हर्ट्झचा आहे आणि तो एक सेकंद टिकतो. मुद्रण अर्ध्या वेगाने वाजवलं तर स्वर एक सप्तक खाली येतो, १,००० हर्ट्झ, आणि लांबी दोन सेकंद होते. आणखी दोनदा वेग निम्मा केला की स्वर २५० हर्ट्झवर उतरतो आणि आठ सेकंद घुमत राहतो. एसटीतली घंटी देवळाच्या घंटेसारखी ऐकू येऊ लागते. हा पहिला जन्म.

दुसऱ्या जन्मासाठी कात्री लागते. कुठल्याही ठोक्याचे दोन भाग असतात, आघात आणि त्यामागची आस. आवाज कशाचा आहे हे कान मुख्यतः आघातावरून ठरवतो, आणि तो भाग सेकंदाच्या काही शतांशांत संपतो. तेवढाच तुकडा कापून टाकला तर उरलेला आवाज घंटीचा वाटतच नाही. कुणीतरी फुंकून वाजवत असल्यासारखा तो पोकळीतून उगवतो. शेफेरने हा प्रयोग खऱ्या घंटेवर केला होता आणि स्वतःच चकित झाला होता. तिसरा जन्म चाळणीतून होतो. वाहत्या रहदारीची घरघर म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या शेकडो कंपनांची सरमिसळ. धान्य चाळताना जाळीच्या भोकाएवढेच दाणे खाली पडतात, तशी ही चाळणी ठरावीक कंपनंच पुढे जाऊ देते. घरघरीतून फक्त २५० हर्ट्झच्या आसपासची कंपनं घेतली तर रहदारीचा एक खर्ज मिळतो, आपल्या लांबवलेल्या घंटीला जुळणारा. ज्या गोंगाटात सूर नव्हता त्यातून सूर निघाला तो असा : त्यात सगळेच सूर होते, आपण एक सोडून बाकीचे अडवले.

चौथी युक्ती संगणकामुळे हातात आली. तबकडी असो वा टेप, वेग कमी केला की सूरही उतरतो. दोन्ही एकमेकांना बांधलेले. संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो, सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० आकडे. या माळेचे सेकंदाच्या वीस भागांतल्या एका भागाएवढे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा दोनदा वाजवायचा. तुकड्याच्या आतला सूर तसाच राहतो, एकूण वेळ मात्र दुप्पट होतो. पिठासारखी सुटी झालेली ही कणी हव्या त्या दाटीने पुन्हा पसरता येते. कॅनडातला बॅरी ट्रुआक्स १९८० च्या दशकात अशा कणांवर रचना करू लागला. डबल बेलचा एक क्षण मिनिटभर ताणून त्याच्या आत शिरता येतं, आणि तिथे धातूचं असं काही कुजबुजणं सापडतं जे बसमध्ये कुणाच्याही कानाला लागलेलं नसतं.

४. पत्ता ठेवायचा की पुसायचा?

एवढी साधनं हाती आल्यावर कुठलाही आवाज ओळखू न येण्याइतका बदलता येतो. इथेच खरा प्रश्न उभा राहतो. घंटीचं देऊळ झालं, रहदारीचा तानपुरा झाला, मग मुळात रस्त्यावर जायचं कशाला? तसले सूर यंत्रातून थेट काढता येतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर बसवून दिला होता आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर यांच्यासारख्यांनी त्यावर काम केलं; विजेपासूनच सूर निर्माण करणारं ते यंत्र होतं. तो मार्ग मोकळा असताना ध्वनिमुद्रक घेऊन उन्हात उभं राहण्याला अर्थ तेव्हाच आहे, जेव्हा त्या आवाजाचा पत्ता, म्हणजे तो कुठला, कशाचा, कुणाचा हे कळणं, रचनेत काही काम करतं. माझं म्हणणं असं की रस्त्याच्या आवाजांचं संगीत उभं राहतं वा पडतं ते याच एका निर्णयावर : पत्ता किती ठेवायचा.

शेफेरने पत्ता पुसण्याचा आग्रह धरला. इंजिन ऐकू आलं की श्रोता गोष्ट शोधू लागतो, संगीत ऐकत नाही, अशी त्याची तक्रार होती. नेमका उलटा आग्रह व्हँकूवरमध्ये उभा राहिला. तिथल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात आर. मरी शेफर (नावसाधर्म्य सोडल्यास या दोघांचा संबंध नाही) आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शहराचे आवाज जसेच्या तसे नोंदवायला घेतले. बंदरातले भोंगे, घंटा, पाणी यांचा त्यांचा व्हँकूवरवरचा ध्वनिमुद्रित संच १९७३ साली निघाला. आवाजाची त्याच्या उगमापासून फारकत करणं हेच मरी शेफरला आधुनिक काळाचं दुखणं वाटत होतं. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच एकही बाजू पुरेशी नाही. पत्ता पूर्ण पुसला तर उरतात नुसते सुंदर पोत. पूर्ण ठेवला तर हाती राहतो दस्तऐवज. मोलाचा, पण दुसऱ्यांदा ऐकावासा वाटेलच असा नव्हे.

मधली वाट किती समृद्ध असू शकते हे संगीतकार स्टीव्ह राइशच्या ‘सिटी लाइफ’मध्ये दिसतं. १९९५ सालची ही रचना, शहर न्यूयॉर्क. गाड्यांचे हॉर्न, दारं आपटण्याचे आवाज, बसच्या हवेच्या ब्रेकचा फुस्कारा, भुयारी रेल्वेची घंटी, खांब ठोकणाऱ्या यंत्राचा घाव, गाड्यांचे धोक्याचे गजर हे सगळं त्याने दोन कीबोर्डवर भरलं. पट्टी दाबली की हॉर्न वाजतो. टेप पार्श्वभूमीला सोडून वादकांना तिच्यामागे धावायला लावलं असतं तर लय यंत्राची झाली असती. इथे दार कधी आपटायचं हे वादकाच्या बोटावर आहे, व्हायोलिनच्या गजाइतकंच. पहिल्या भागाचं शीर्षक ‘चेक इट आउट’. दक्षिण मॅनहॅटनमधल्या एका फेरीवाल्याची ती हाक आहे. तिच्यातला चढउतार वाद्यं उचलतात आणि पुन्हा पुन्हा म्हणतात. रागाच्या पकडीसारखी ती हाक स्वरवाक्य होते, तरीही ती एका फेरीवाल्याची हाकच राहते. शेवटच्या भागात २६ फेब्रुवारी १९९३ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बाँबस्फोट झाला तेव्हाचे अग्निशमन जवानांचे बिनतारी संदेश आहेत. इथे पत्ता पुसला असता तर आवाजातली घाई नुसती तालबद्ध वाटली असती. तो ठेवल्यामुळे तीच लय अंगावर येते.

आपल्याकडे या अंगाने सर्वांत आनंदाचं काम मला स्नेहा खानवलकर यांचं वाटतं. इंदूरच्या मराठी घरातल्या या संगीतकाराने २०१२ साली ‘साउंड ट्रिपिन’ या टीव्ही मालिकेत गावोगाव, धारावीपर्यंत, फिरून तिथे मिळालेल्या आवाजांतून एकेक गाणं बांधलं. पत्र्यावरचा घाव तालाचा ठोका होतो आणि तरीही पत्राच राहतो.

५. आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा : यंत्र सगळं करतं, माणसाला कष्ट नाहीत. संगीतकार जॉन केजच्या ‘विल्यम्स मिक्स’चा हिशेब पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची ही रचना. शहरातले आणि गावाकडचे आवाज टेपवर घेऊन कापलेले. टेप सेकंदाला १५ इंच धावते. संहितेच्या एका पानावर २० इंच टेप आखलेली, म्हणजे एका पानाला एक सेकंद आणि एक तृतीयांश. अशी १९२ पानं, आणि सगळं मिळून सव्वाचार मिनिटं. आठ वेगवेगळ्या टेपांवर, प्रत्येक तुकडा आखलेल्या आकारात पात्याने कापून चिकटवलेला. संगणकाने ही कापाकापी सोपी केली हे खरं. पण टेप महाग होती तेव्हा कापण्याआधी विचार करावा लागे, आज हजार लूप फुकट मिळतात आणि निवड करणं उलट अवघड झालं आहे. या प्रकारातल्या बहुसंख्य रचना कंटाळवाण्या असतात त्या आळसामुळे नव्हे, निवड टाळल्यामुळे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आपल्या शहरांत गोंगाटाने माणसं आजारी पडतात, झोप मोडते, आणि कुणी त्याच गोंगाटाचं गाणं करून त्याला प्रतिष्ठा देतो, हे कसं खपवून घ्यायचं? आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी २००० सालीच रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि कुठल्याही मोठ्या रस्त्यालगत राहणाऱ्याला ती कागदावरच आहे हे माहीत असतं. डेसिबलची मोजपट्टी फसवी असते : दहाने आकडा वाढला की आवाजातली ऊर्जा दहा पट होते. ५५ च्या जागी ७५ म्हणजे शंभर पट. हा त्रास खराच आहे, त्याला सौंदर्याची रंगसफेदी करणारी रचना वाईटच. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा अनुभव गोंगाटाच्या बाजूने बोलत नाही. गोंगाट वाढला की सगळ्यात आधी त्याचाच कच्चा माल नाहीसा होतो. पिंपळाखालच्या चांभाराची हातोडी, सायकलची किणकिण, दुसऱ्या मजल्यावरून सोडलेल्या टोपलीची दोरी दांडीवर घासण्याचा आवाज : हे सगळं घरघरीखाली गाडलं जातं आणि कुठल्याही चाळणीने परत मिळत नाही. व्हँकूवरच्या त्या मंडळींचा उद्योगही मुळात गोंगाटाच्या चिंतेतूनच उभा राहिला होता. जो माणूस रस्त्याचे आवाज सुटे सुटे ऐकू लागतो, तो कर्कश हॉर्नशी जुळवून घेत नाही. त्या हॉर्नमुळे काय ऐकू येईनासं झालं आहे, याची यादी तो देऊ शकतो.

६. हाक कुणाची?

हिल्डेगार्ड वेस्टरकांप ही व्हँकूवरच्या त्याच गटातली संगीतकार १९९२ मध्ये पहिल्यांदा दिल्लीला आली. तिथल्या फेरीवाल्यांच्या हाका, रहदारी, धातूच्या वस्तूंचे नाद यांवर तिने १९९७ साली एक रचना पूर्ण केली. परक्या ठिकाणचे आवाज घेताना आपण पाहुणे आहोत, ही जाणीव तिच्या कामात सतत दिसते, आणि ती हवीच. हॉर्न कुणाच्या मालकीचा नसतो, हाक असते. भाजीवाल्याने वर्षानुवर्षं घासून घेतलेला तो लांब खेचलेला शेवटचा स्वर तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचावा म्हणून घडलेला आहे. त्याची कमाई त्यावर चालते. शब्द रहदारीत विरले तरी गिऱ्हाईक तो ओळखतं, म्हणजे रचनाकाराच्या फार आधी त्यानेच त्यावर काम केलेलं असतं. अशी हाक घेताना विचारणं, घेतलेलं त्याला ऐकवणं आणि पैसे मिळाले तर वाटा देणं, हा सभ्यपणाचा भाग आहे आणि कलेचाही. कारण ओळख झालेला माणूस मोकळ्या गळ्याने हाक देतो, आणि चोरून घेतलेल्या मुद्रणात तो मोकळेपणा क्वचितच सापडतो.

आज चांगला मोबाइलही या कामाला पुरतो. माइकच्या तोंडावर वाऱ्यासाठी स्पंजची टोपी, कानाला हेडफोन, आवाज सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर पाचदहा सेकंद मोकळी, म्हणजे आस कापली जात नाही. आणि मुद्रण बंद करण्याआधी माइकमध्ये स्वतःच्या आवाजात ठिकाण, तारीख, वेळ आणि आवाज कशाचा आहे हे सांगायचं. पुढे त्या मुद्रणाचा वेग निम्मा करा, आघात कापा, कणी करा. मूळ फायलीच्या टोकाला ते चार शब्द राहतातच : अमुक गल्ली, सकाळचे सव्वासात, कल्हईवाला, भट्टी नुकतीच पेटवलीय.